शेवंताचा एकतिसावा दिवस

जालन्यात राहून घोड्यांवर पीएच.डी. करतेय म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "जालन्यात घोडे आहेत?" सळ्या आहेत, बियाणं आहे, मोसंबी आहे, हे सगळ्यांना ठाऊक. घोडे मात्र वरातीपुरते दिसतात, आणि वरात संपल्यावर ते कुठे जातात याची चौकशी कोणी करत नाही. मी करते, असा माझा समज होता.

माझं नाव शिवकन्या. जनावरांची डॉक्टर आहे. जालन्यातच मस्तगड भागात वरच्या मजल्यावर राहते, खाली दवाखाना. येतात त्या शेळ्या, कुत्री, म्हशी, कधीमधी पोपट. जीव मात्र घोड्यांत अडकलेला. स्वभाव तापट, आई म्हणते, ही नाकावर माशी बसू देत नाही. आईचं खरं आहे, आणि या गोष्टीत त्याचाही थोडा हात आहे.

माझ्या पीएच.डी.च्या विषयाचं नाव एका श्वासात म्हणता येत नाही. सोपं करून सांगायचं तर, लंगडणाऱ्या घोड्याचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, त्यातला प्लेटलेटचा थर वेगळा करायचा आणि दुखऱ्या सांध्यात, स्नायूत नाहीतर हाडाला धरणाऱ्या पट्ट्यात परत टोचायचा. डेंग्यूच्या कृपेने प्लेटलेट हा शब्द आता गावोगाव कळतो, त्यामुळे समजावताना माझा निम्मा वेळ वाचतो. जगभरात यावर काय काय छापून आलं ते मी तीन वर्षं वाचत होते. कोणी काय टोचलं, किती घोड्यांना टोचलं, गुण कधी आला, असे तक्ते केले, आलेख काढले. दरवर्षी लेख वाढत होते, आलेखाची रेघ वर चढत होती. जवळ जाऊन बघावं तर कुणाच्या अभ्यासात सहा घोडे, कुणाच्या नऊ, प्रत्येकाची रक्त फिरवण्याची तऱ्हा वेगळी. आणि पुष्कळांनी महिना-दोन महिने घोड्याकडे बघितलं होतं आणि मग वही मिटली होती.

त्यावर मी लेख लिहिला आणि त्यात या मंडळींना चांगलं झोडपलं. "पाठपुरावा अपुरा" हे शब्द मी त्या लेखात अकरा वेळा वापरले होते, आणि दर वेळी लिहिताना गोड वाटलं होतं. नंतर स्वतःचा अभ्यास मांडायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे बारा घोडे होते आणि प्रत्येकाला द्यायला तीस दिवस. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

त्या बारांतली सातवी शेवंता.

मार्चमध्ये कुंभार पिंपळगावहून भुजंगमामांचा फोन आला. मामांचं घर मूळचं फिरत्या मेंढपाळांचं. त्यांच्या आजाच्या वेळी शेकड्यांनी मेंढरं होती आणि बिऱ्हाड वाहायला सात-आठ घोडी. आता तीसेक मेंढरं उरली होती आणि घोडी एकच. ती बिऱ्हाड वाहत नव्हती, वरातीत नाचत होती. तिची आई व्यायली तेव्हाच गेली, म्हणून मामांच्या बायकोने, तुळजामावशीने, तिला शेळीच्या दुधाच्या बाटलीवर वाढवलं होतं. पंचक्रोशीत शेवंताशिवाय नवरदेव मारुतीच्या पाराला जात नाही, असं मामा सांगायचे. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती हलगीच्या तालावर अशी डुलायची की जेवायला बसलेली माणसं उठून यायची.

फेब्रुवारीतल्या एका लग्नानंतर ती मागच्या डाव्या पायाने लंगडत होती.

मी पोचले तर त्यांच्या पत्र्याच्या शेडसमोर गोवऱ्यांचा जाळ आणि त्यात लोखंडी सळई. जाळाशी मामांचे चुलते, इंद्रभान आबा, उकिडवे बसलेले. पंच्याहत्तरीचे. चारी बाजूची जनावरं डागायला लोक त्यांनाच बोलवायचे.

"आबा, हे काय चाललंय?"

"डागून राह्यलो. सूज बसत न्हाई तिची."

माझं डोकं फिरलं. जिवंत कातडीवर तापलं लोखंड ठेवायचं आणि त्याला इलाज म्हणायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं, आत काय तुटलंय ते तरी बघितलंय का, आणि एवढाच गुण येत असेल तर आधी तुमच्या गुडघ्याला देते डाग, असं मी त्या म्हाताऱ्या माणसाला घरच्या बाया-माणसांसमोर बोलले. आबांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. सळई काढून बाजूला ठेवली, जाळावर माती लोटली.

"बरं बाई. तुमी शिकलेल्या," म्हणाले आणि उठून मेंढरांकडे गेले.

डागणं वाईटच, हे मत माझं आजही आहे. पण त्यांना दोन शब्द विचारले असते तर बरं झालं असतं. डाग का देता, आणि दिल्यावर पुढे काय करता, एवढंच. तीन वर्षं जगभरच्या लोकांना हेच विचारत होते मी, कागदावर. समोर बसलेल्या माणसाला विचारलं नाही.

सोनोग्राफी केली. घोड्याचा घोटा मागून एका जाड पट्ट्यावर तोललेला असतो. सगळं वजन तो झेलतो. शेवंताच्या पट्ट्यात मधोमध काळी पोकळी दिसत होती, बाजरीच्या दाण्यापेक्षा मोठी, ज्वारीच्या दाण्याएवढी. दोन पायांवर नाचणाऱ्या घोडीला हे व्हायचंच. पट्टा पुरता तुटला नव्हता. पाय वाचवता येण्यासारखा होता.

तुळजामावशीला मी पीआरपी, म्हणजे हे प्लेटलेटचं टोचणं, समजावून सांगितलं.

"तिचंच रगत तिलाच?" मावशी म्हणाली.

"हो."

"मंग त्यात औषध कुठलं?"

"तेच औषध, मावशी."

"अन् इतके दिवस ते तिच्या अंगातच व्हतं की. तवा का न्हाई गुण आला?"

हाच प्रश्न माझ्या गाइड सरांनी पहिल्या वर्षी विचारला होता. दोघांना मी एकच उत्तर दिलं. अंगभर पसरलेलं असतं ते एका जागी गोळा करून देतो आपण. मावशीला ते पटलं; सरांना पटायला सहा महिने लागले होते.

कुंभार पिंपळगावात त्या दिवशी वीज नव्हती. रक्त फिरवायचं यंत्र मी गाडीत घालून आणलं होतं, पण ते लावायचं कुठे? शेवटी कल्याणरावांच्या बंगल्यावर गेलो, त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. कल्याणराव गावातले मोठे शेतकरी. मामांचं शेड त्यांच्याच बांधावर, मामांची मेंढरं त्यांच्याच पडीक रानात चरायची. माणूस वाईट नाही. त्यांनी ओट्यावर टेबल मांडून दिलं, चहा पाजला आणि नळीतलं रक्त थरांत वेगळं होताना डोळे मोठे करून पाहिलं. खाली लाल, वर पिवळसर पाणी, आणि मधे जो पातळ पांढुरका पदर असतो त्यावर माझं सगळं संशोधन उभं होतं.

सुई दिल्यावर मी मामांना छापलेला कागद दिला आणि वाचूनही दाखवला. पहिले पंधरा दिवस शेडबाहेर काढायचं नाही. मग दोन महिने फक्त हाताने धरून चालवायचं, रोज थोडं थोडं वाढवत. सहा महिने नाच नाही, पाठीवर माणूस नाही. मावशीला वाचता येत नव्हतं, पण मी कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा तिनेच मला म्हणून दाखवला, एक शब्द न चुकता. तो कागद तिने शेडच्या खांबाला खिळ्याने ठोकला.

पायावर सुईची खूणसुद्धा राहिली नाही. तेवढी जागा भादरली होती, तिथे आठ दिवसांत केस आले.

आणि गुण आला. असा आला की माझाच विश्वास बसेना. दहाव्या दिवशी सूज उतरली. विसाव्या दिवशी मामांनी पाठवलेल्या व्हिडिओत ती सरळ चालत होती. तिसावा दिवस शनिवार होता. मी गेले, तिला डांबरी रस्त्यावर चालवलं, दुडकी चालवलं, वळवलं. लंगडणं शून्य. मावशी रस्त्याच्या कडेला उभी राहून पदराने डोळे पुसत होती आणि मला म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला गुण हाय." असं कोणी म्हटलं की मी एरवी चिडते, गुण हाताला नसतो म्हणून. त्या दिवशी चिडले नाही.

सोनोग्राफीत पोकळी अर्धी भरली होती. अर्धीच. घोडी वरून बरी दिसत होती, आतला पट्टा अजून कच्चा होता. हे मला दिसलं, मी ते मोजलं आणि त्याच्या रकान्यात लिहिलं. पण फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता, तिसाव्या दिवशी घोडा कसा आहे, आणि त्यापुढे चार चौकटी. मी शेवटच्या चौकटीत खूण केली. "पूर्ववत."

घरी येताना अंबडजवळ गाडी थांबवून मी सरांना व्हिडिओ पाठवला. सरांचा अंगठा आला. जालन्यात शिरेपर्यंत मी गाणं गुणगुणत होते.

सोमवारी दुपारी मी दवाखान्यात शेवंताच्याच व्हिडिओवरून भाषणाची तयारी करत बसले होते. पुढच्या महिन्यात परिषद होती. तेवढ्यात तुळजामावशीचा फोन आला. आवाज जरा घुमत होता, मागे माणसं बोलत होती.

"बाई, कल्याणरावाच्या आर्यनची वरात हाय गुरुवारी."

"बरं."

"ते लोक आल्ते. शेवंताच पाह्यजे म्हणून राह्यलेत. दुसरी घोडी नको म्हणतेत." मग जरा थांबून, एकेक शब्द सावकाश टाकत, "तुमी काय म्हणता? नाचवावं का न्हाई?"

मी विचारलं, "लंगडते का?"

"न्हाई. लंगडत तर बिलकुल न्हाई."

आता मी जे केलं ते का केलं, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. घाई होती असं म्हणता येईल, पण घाई नव्हती. कल्याणरावांचा चहा प्याले होते, तेही कारण नव्हे. कारण एवढंच की शनिवारी मी "पूर्ववत" लिहून बसले होते. समोर पडद्यावर ती सरळ चालत होती. दोनच दिवसांनी नाचवू नका म्हणायचं म्हणजे माझ्याच चौकटीतली खूण खोटी ठरवायची. मावशीला काय वाटेल, सुईला गुण नाही असंच वाटेल. हे सगळं एका क्षणात मनात आलं आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"थोडं चालेल," मी म्हणाले. "जास्त नाचवू नका. पाच-दहा मिनिटं. हळूहळू घ्या."

पलीकडे कोणीतरी पुरुष हसत म्हणाला, "घ्या, डॉक्टरीणबाईच हो म्हणल्या."

 मावशी "बरं" एवढंच म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डीजेपुढे "थोडं" म्हणजे किती, हे जालन्यात जन्मलेल्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. मी स्वतः माझ्या भावाच्या वरातीत दोन तास नाचलेली आहे.

शुक्रवारी सकाळी मामांचा फोन आला. "जल्दी या," एवढंच म्हणाले.

शेवंता शेडमध्ये तीन पायांवर उभी होती. डावा घोटा खाली बसला होता, जवळजवळ जमिनीला टेकलेला, आणि खुराचं टोक वर उचललेलं. सोनोग्राफी यंत्र गाडीतून काढायचीही गरज नव्हती, तरी मी काढलं. पट्टा पार फाटला होता. मामांनी सांगितलं ते असं. पहिली पाच मिनिटं ठीक गेली. मग मुलाचे मित्र म्हणाले अजून एक गाणं. मग मुलाचा मामा म्हणाला एकदा दोन पायांवर होऊ द्या, फोटो घ्यायचाय. नवरदेव पाठीवर होता. ती उभी राहिली, डोलली, आणि मागे कापड फाटल्यासारखा आवाज आला, म्हणे. डीजे वाजतच होता, त्यामुळे तो आवाज मामांशिवाय कोणाला ऐकू गेला नाही. घोडी तशीच तीन पायांवर उभी राहिली. नवरदेवाला त्यांनी खाली उतरवलं आणि तो चालत मांडवात गेला.

मी फळ्या लावून पाय बांधला, वेदनेचं औषध दिलं, टाचेला आधार देणारा नाल करून आणते म्हटलं. ती जगेल, हे मी सांगितलं. हळूहळू चालेलही. नाचणार नाही, आणि पाठीवर कोणाला घेणार नाही. हे सांगताना माझा आवाज अगदी डॉक्टरसारखा निघाला, त्याची मला चीड आली.

इंद्रभान आबा दारात येऊन बसले होते. मला वाटलं, आता म्हातारा सूड उगवणार. उगवला असता तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे बोलले.

"बाई, एक इचारू? डाग म्हणजे औषध व्हतं असं वाटलं का तुमाला?"

"मग काय होतं?"

"डागानं काय बरं व्हतंय? कातडं जळतंय. पण डागल्याली घोडी असली की तिला चाळीस दिस कुणी मागत न्हाई. मागणाऱ्याला दोष लागतो आमच्यात. पाटील असू द्या न्हाईतर आमदार, पायावरचा डाग बघितला की माणूस दारातूनच माघारी जातो. मालकाला तोंड उघडावं लागत न्हाई. चाळीस दिस ती बसती, अन् बसून बसूनच बरी व्हती." मग माझ्या बॅगेकडे बघून म्हणाले, "तुमच्या सुईचं समदं बराबर व्हतं. फक्त तिची खूण न्हाई राह्यली."

 गुण डागात नाही, विश्रांतीत आहे, हे मी पुस्तकांत वाचलं होतं, तेवढ्याच शब्दांत. पण ती विश्रांती या घरात येते कुठून, कोणामुळे मिळते, हे कुठल्या तक्त्यात नव्हतं. मी सळई काढून टाकायला लावली आणि तिच्याबरोबर घोडीचे चाळीस दिवसही काढून टाकले. त्या जागी एक छापलेला कागद खिळ्याला लावून निघून गेले, आणि तो कागदही शेवटी मीच फोनवर फाडला.

तेवढ्यात भुजंगमामांचा बांध फुटला. ते बायकोवर ओरडले, "हिनंच हो म्हणली. ते लोक आले तवा मी रानात व्हतो, अन् एकदा शब्द गेल्यावर माघारी कसा घेनार? मी असतो तर पाय धरले असते कल्याणरावाचे, पण घोडी दिली नसती. हिला कोणी सांगितलं व्हतं हो म्हणायला?"

तुळजामावशी शेवंताच्या मानेशी उभी होती. तिने मामांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. घोडीच्या आयाळीतला कालचा झेंडूचा दोरा सोडवत राहिली.

बोलायची वेळ होती ती. एक वाक्य होतं. मी बँडेजचं टोक दाबत बसले, ते आधीच नीट दाबलेलं होतं. मग सामान आवरलं आणि नालाचं माप घेऊन निघाले.

सरांना मी सगळं सांगितलं. सातवी घोडी यशाच्या रकान्यातून काढू या, असं मीच म्हणाले. सर सज्जन माणूस आहे, पण सर आहे.

"अभ्यास तीस दिवसांचा आहे, शिवकन्या. तिसाव्या दिवशी ती बरी होती की नव्हती?"

"होती."

"मग एकतिसाव्या दिवसाचं आपण विचारलेलंच नाही. ते काढलं तर तो खोटेपणा होईल."

यात चूक काढता येत नव्हती, हेच वाईट. परिषदेत मी बोलले. बारापैकी नऊ पूर्ववत. शेवंता डांबरी रस्त्यावर पडद्यावर सरळ चालून दाखवत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. एका बाईंनी विचारलं, पुढचा पाठपुरावा? मी म्हणाले, तो आमच्या आवाक्याबाहेर होता. हे उत्तर मी ज्यांना झोडपलं होतं त्यांच्याच एका लेखातलं, जवळजवळ शब्दशः. मी खाली उतरले आणि बाहेर जाऊन मावशीला फोन लावला. तिने उचलला. मी शेवंता कशी आहे एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

मला वाटत होतं वेळ गेला की सांगणं सोपं होईल. उलटं झालं. नाल बसवायला गेले तेव्हा सांगितलं नाही, तो बदलायला गेले तेव्हा सांगितलं नाही. दर वेळी मामा बायकोशी तुटक बोलताना दिसायचे. ताट वाढ म्हणायचे ते भिंतीकडे बघून. एकदा तर माझ्याचसमोर म्हणाले, "हिच्या एका शब्दापायी गेली घोडी." मी औषधाची बाटली हलवत राहिले.

शेवटी जुलैत गेले तेव्हा ठरवूनच गेले. दुपारची वेळ, तिघंही शेडमध्ये बसलेलो, शेवंता मागे चारा खात होती, पाय तिरका टाकून. आबा मेंढरांमागे गेलेले. मी चहाचा कप खाली ठेवला.

"मामा, मावशीला बोलू नका. त्या दिवशी हो मी म्हटलं. मावशीने फोन करून विचारलं होतं. मी म्हणाले, थोडं नाचवलं तर चालेल."

 मामांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी बायकोकडे मान वळवली.

"तू बोलली न्हाईस मला."

"काय बोलायचं?" मावशी म्हणाली. "त्याच्यानं काय पाय सरळ व्हनार व्हता?"

"तीन महिने मी तुला नाही नाही ते बोलून राह्यलो."

"बोललात. ऐकलं मी."

मामांनी गुडघ्यावर हात ठेवले, उठायला गेले आणि तसेच परत बसले. मला शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी दिल्या नाहीत. ते फक्त बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला बघवेना.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या मनात तीन महिने एक गोष्ट सलत होती, आणि खरं सांगायचं तर मी तिचा आधारही घेतला होता. थोडा दोष तरी दुसऱ्याचा असावा, असं माणसाला वाटतंच.

"पण मावशी," मी म्हणाले, "तुम्हाला कागद तोंडपाठ होता. सहा महिने नाच नाही, हे तुम्हीच मला म्हणून दाखवलं होतं. मग माहीत असताना मला विचारलं कशाला?"

तुळजामावशी उठली. रिकामी बादली उचलली, शेवंताकडे गेली. तिच्या तोंडापुढचं कालचं पाणी ओतून टाकलं. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता.

"कल्याणरावाची माणसं दारात बसल्ती, बाई. फोन मी मोठ्या आवाजावर ठिवल्ता, त्यांना ऐकू जावा म्हणून. त्यांच्याच बांधावर राहून त्यांना न्हाई म्हणायला आमची जीभ उचलत न्हाई. तुमी न्हाई म्हणाल, म्हणूनच तर फोन लावल्ता."